शस्त्रकर्मकालीन स्नायुशिथिलक औषधे व त्यांच्या परस्परक्रिया : वैद्यांनी काय जाणावे व काय कळवावे

विषयप्रवेश

आपल्या नित्याच्या रुग्णांपैकी अनेकांना केव्हा ना केव्हा शस्त्रकर्मास सामोरे जावे लागते. अंत्रवृद्धी, पित्ताश्मरी, गर्भाशयनिर्हरण, अस्थिभग्न अशी कारणे वेगवेगळी असतात. कालपर्यंत आपला काढा, आसव वा गुटी घेणारा रुग्ण आज शल्यगृहात जातो आणि तेथे भूलतज्ज्ञाच्या हाती सोपवला जातो. भूलतज्ज्ञ त्यास जी औषधे देतो त्यांत निद्रा आणणारी, वेदना शमवणारी व स्नायू शिथिल करणारी असे तीन प्रमुख गट असतात. पहिल्या दोन गटांविषयी वैद्यवर्गात बरीच माहिती आहे. तिसऱ्या गटाविषयी मात्र आपल्या नियतकालिकांतून फारसे लिहिले जात नाही. यास्तव प्रस्तुत लेखाचा हा विषय आम्ही निवडला आहे.

ही औषधे आपण वैद्य देत नाही. तो भूलतज्ज्ञाचा अधिकार व जबाबदारी आहे. मग आपण ती का जाणून घ्यावीत, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, स्नायुशिथिलक औषध शरीरात एकटे कधीच कार्य करीत नाही. त्याच्या आधी शरीरात काय गेले, त्याच्यासोबत काय गेले आणि ते ज्या देहात गेले त्या देहाची अवस्था कोणती, यांवर त्याची तीव्रता व कालावधी ठरतो. या तिन्हींपैकी पहिल्या व तिसऱ्या बाबीची माहिती पुष्कळदा भूलतज्ज्ञापेक्षा आपल्याजवळ अधिक असते.

येथे एक खुलासा आवश्यक वाटतो. कटिशूल, मन्यास्तंभ इत्यादींसाठी औषधविक्रेत्याकडे मिळणाऱ्या टिझानिडिन, क्लोरझॉक्साझोन, थायोकोल्चिकोसाइड, बॅक्लोफेन या गोळ्यांनाही व्यवहारात स्नायू शिथिल करणारी औषधेच म्हणतात. त्यांचे कार्य प्रामुख्याने मेंदू व मज्जारज्जू येथे घडते. शल्यगृहातील स्नायुशिथिलके ही शिरेवाटे देण्याची, मज्जातंतू व स्नायू यांच्या संधिस्थानी कार्य करणारी आणि श्वसनाचे स्नायूही पूर्णतः थांबवणारी औषधे होत. नाव एक असले तरी या दोन गटांत महदंतर आहे.

पूर्वपीठिका

शस्त्रकर्मापूर्वी रुग्णाची वेदना बोथट करण्याचा विचार आपल्या संहितांत आहेच. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील आमपक्वैषणीय अध्यायात शस्त्रकर्मापूर्वी तीक्ष्ण मद्य पाजण्याचा उल्लेख आहे. मात्र स्नायू स्वतंत्रपणे शिथिल करण्याची कल्पना वैद्यकात आली ती दक्षिण अमेरिकेतील आदिवासींच्या बाणविषावरून. क्युरारे या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या विषाचा अभ्यास फ्रेंच शास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास केला. या विषाने स्नायू वा मज्जातंतू स्वतः निकामी होत नाहीत, तर त्या दोहोंमधील संदेशवहन थांबते, असे त्यांच्या प्रयोगांतून दिसून आले. १९३५ साली लंडन येथे हॅरोल्ड किंग यांनी त्यातील ट्युबोक्युरारीन हे कार्यकारी द्रव्य वेगळे केले. पुढे २३ जानेवारी १९४२ रोजी कॅनडातील माँट्रिआल येथे हॅरोल्ड ग्रिफिथ व एनिड जॉन्सन यांनी आंत्रपुच्छाच्या शस्त्रकर्मात क्युरारेचा शुद्ध अर्क प्रथम वापरला. हे रुग्णालय तेथील होमिओपॅथिक रुग्णालय होते, ही गोष्ट आपल्या वाचकांस रोचक वाटेल.

वनस्पतिदृष्ट्या हा विषय आपल्यापासून दूर नाही. ट्युबोक्युरारीन ज्या वेलीपासून मिळते ती काँड्रोडेंड्रॉन टोमेंटोसम ही वेल गुडूची व पाठा यांच्याच कुलातील आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास भारतीय संशोधकांनी पाठामूलातील हयातीन या अल्कलॉइडापासून सिद्ध केलेल्या द्रव्यात क्युरारेसदृश क्रिया असल्याचे प्राण्यांवरील प्रयोगांत दाखवले होते. क्युरारेचा दुसरा प्रकार स्ट्रिक्नोस टॉक्सिफेरा या वनस्पतीपासून मिळतो. आपला कुपीलू, म्हणजे कुचला, हा त्याच प्रजातीचा. एक स्नायूंना पूर्ण लुळे करतो, दुसरा अतिमात्रेत आक्षेपक उत्पन्न करतो. एकाच कुलातील वनस्पतींचे असे परस्परविरोधी प्रभाव पाहिले म्हणजे 'वनस्पतिज आहे, म्हणून निरुपद्रवी आहे' या समजुतीतील फोलपणा सहज लक्षात येतो.

क्रिया कोठे व कशी घडते?

मज्जातंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलिन हे द्रव्य स्रवते. ते स्नायूच्या पृष्ठभागावरील विशिष्ट ग्राहींना चिकटते व स्नायू आकुंचन पावतो. काम झाल्याबरोबर कोलिनएस्टरेज हे एन्झाइम त्याचे विघटन करते. स्नायुशिथिलके या साखळीत दोन प्रकारे अडथळा आणतात.

पहिला प्रकार विध्रुवणकारी. त्याचे एकमेव प्रचलित उदाहरण म्हणजे सक्सामेथोनियम, ज्यास सक्सिनिलकोलिन असेही म्हणतात. हे द्रव्य ॲसिटिलकोलिनसारखेच ग्राहींना उत्तेजित करते, पण लवकर हटत नाही. त्यामुळे प्रथम सर्वांगी सूक्ष्म स्फुरण होते व लगेच शैथिल्य येते. सुमारे एका मिनिटात परिणाम सुरू होऊन साधारणतः पाच ते दहा मिनिटांत ओसरतो. रक्तद्रवातील कोलिनएस्टरेज हे एन्झाइम त्याचे झपाट्याने विघटन करते म्हणूनच तो इतका अल्पकाल टिकतो.

दुसरा प्रकार अविध्रुवणकारी. ही औषधे ग्राहीवर जागा अडवून बसतात, पण त्यास उत्तेजित करीत नाहीत. यांत व्हेक्युरोनियम, रोक्युरोनियम, पॅन्क्युरोनियम हा स्टेरॉइडसदृश रचनेचा उपगट आणि ॲट्राक्युरियम, सिसॲट्राक्युरियम, मायव्हाक्युरियम हा बेंझिलआयसोक्विनोलिन रचनेचा उपगट येतो.

येथे एक मूलभूत गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे, कारण पुढील सर्व विवेचन तिच्यावर आधारलेले आहे. स्नायूवरील ग्राहींपैकी सुमारे ७५ टक्के अडवले जाईपर्यंत बाहेरून दौर्बल्य दिसतच नाही. पूर्ण शैथिल्यासाठी ९० टक्क्यांहून अधिक ग्राही अडवावे लागतात. याचा अर्थ असा की, हात उचलणारा, डोळे उघडणारा रुग्णही आतून अर्धाअधिक औषधाच्या प्रभावाखाली असू शकतो. अशा स्थितीत त्याच दिशेने कार्य करणाऱ्या दुसऱ्या द्रव्याची थोडीशी भर पडली, तरी दबलेले शैथिल्य एकाएकी प्रकट होते. शस्त्रकर्मोत्तर कक्षात श्वास अकस्मात मंदावण्याच्या काही घटनांमागे हेच कारण असते.

दुसरी गोष्ट अशी की, ही औषधे संज्ञेवर वा वेदनेवर कोणताही परिणाम करीत नाहीत. अमेरिकेतील स्कॉट स्मिथ या भूलतज्ज्ञाने स्वतः जागृत असताना पूर्ण शैथिल्य येईल इतके ट्युबोक्युरारीन टोचून घेतले आणि सर्वकाळ आपली जाणीव व वेदनाबोध शाबूत होता, असे १९४७ साली नोंदवले. म्हणून शैथिल्यास भूल समजणे ही गंभीर चूक ठरते.

परस्परक्रियांचा विचार

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सव्विसाव्या अध्यायात विरुद्धाचे अठरा प्रकार सांगितले आहेत. त्यांत संयोग, क्रम व अवस्था यांचा समावेश आहे. तेथील संदर्भ आहाराचा आहे; त्या वर्णनात स्नायुशिथिलके शोधण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. तथापि विचाराची ती चौकट वैद्यवाचकांस परिचित असल्याने विषयाची मांडणी आम्ही त्याच तीन शब्दांच्या आधारे करीत आहोत.

१. संयोग

दोन अविध्रुवणकारी औषधे एकत्र दिली असता काय होते? ती एकाच उपगटातील असल्यास, उदाहरणार्थ पॅन्क्युरोनियम व व्हेक्युरोनियम, परिणामांची साधी बेरीज होते. ती भिन्न उपगटांतील असल्यास, उदाहरणार्थ व्हेक्युरोनियम व ॲट्राक्युरियम, परिणाम बेरजेपेक्षा अधिक होतो. पॅन्क्युरोनियम व मायव्हाक्युरियम या जोडीत आणखी एक गुंता आहे. मायव्हाक्युरियमचे विघटन रक्तद्रवातील कोलिनएस्टरेज करते आणि पॅन्क्युरोनियम नेमके त्याच एन्झाइमला दाबते. म्हणून मुळात अल्पकारी असलेले औषध दीर्घकारी होऊन बसते.

भूल टिकवण्यासाठी श्वासावाटे दिली जाणारी सेव्होफ्लुरेन, आयसोफ्लुरेन, डेसफ्लुरेन ही द्रव्येही स्नायुशिथिलकांचे कार्य वाढवतात. भूलतज्ज्ञ हे जाणून मात्रा कमी ठेवतो. मॅग्नेशियम सल्फेट हे सूतिकावस्थेतील आक्षेपकासाठी देण्यात येणारे औषध मज्जातंतूच्या टोकातून होणारा ॲसिटिलकोलिनचा स्राव घटवते व शैथिल्य लांबवते. जेंटामायसिन, ॲमिकासिन, स्ट्रेप्टोमायसिन, निओमायसिन ही अमिनोग्लायकोसाइड गटातील प्रतिजैविके, तसेच कोलिस्टिन, पॉलिमिक्सिन, क्लिंडामायसिन व लिंकोमायसिन हीदेखील त्याच दिशेने कार्य करतात. पेनिसिलिन व सेफॅलोस्पोरिन गटांबाबत ही भीती बाळगण्याचे कारण नाही. मनोविकारात दिले जाणारे लिथियम, हृद्रोग व रक्तदाबासाठी दिली जाणारी व्हेरापामिलसारखी कॅल्शियमरोधक औषधे यांचाही या यादीत समावेश होतो.

याउलट फेनिटॉइन वा कार्बामाझेपिन दीर्घकाळ घेणाऱ्या अपस्माराच्या रुग्णात व्हेक्युरोनियम, रोक्युरोनियम यांचा प्रभाव कमी काळ टिकतो व मात्रा पुनःपुन्हा द्यावी लागते. तेच फेनिटॉइन तातडीने शिरेवाटे दिल्यास मात्र शैथिल्य वाढते. एकच द्रव्य काळानुरूप उलट वागते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

२. क्रम

तीच दोन औषधे, परंतु क्रम बदलला की परिणाम बदलतो. सक्सामेथोनियमपूर्वी अविध्रुवणकारी औषधाची अत्यल्प मात्रा दिली असता स्फुरण कमी होते. पण मग सक्सामेथोनियमची मात्रा प्रतिकिलो १ मिलिग्रॅमवरून सुमारे दीड मिलिग्रॅमपर्यंत वाढवावी लागते, कारण दोहोंचा एकमेकांस विरोध असतो. हाच क्रम उलटा करून सक्सामेथोनियमनंतर व्हेक्युरोनियम वा रोक्युरोनियम दिले, तर नंतरच्या औषधाचा परिणाम वाढतो.

दीर्घकारी पॅन्क्युरोनियमनंतर शस्त्रकर्माच्या अखेरीस 'थोडेसेच' म्हणून मध्यमकारी व्हेक्युरोनियम दिले, तर ते अपेक्षेपेक्षा बराच वेळ टिकते. कारण ग्राहींपैकी बहुतेक जागा पूर्वीच्या औषधाने अडवलेल्या असतात. नव्या औषधाची अल्पमात्राही त्या जुन्या पायावर उभी राहते.

सर्वांत महत्त्वाचा क्रम उतारऔषधाचा. अविध्रुवणकारी शैथिल्य उतरवण्यासाठी निओस्टिग्मिन देतात. ते कोलिनएस्टरेजला दाबते, त्यामुळे ॲसिटिलकोलिन साठते व ग्राहीवर पुन्हा जागा मिळवते. परंतु तेच निओस्टिग्मिन रक्तद्रवातील कोलिनएस्टरेजलाही दाबते. म्हणून निओस्टिग्मिन दिल्यानंतर काही कारणाने, जसे कंठसंकोच झाल्याने, सक्सामेथोनियम द्यावे लागले, तर त्याचा पाच-दहा मिनिटांचा परिणाम लक्षणीय लांबतो. निओस्टिग्मिनने नाडी मंदावते व लाळ वाढते म्हणून त्याच्यासोबत ॲट्रोपिन वा ग्लायकोपायरोलेट देतात. याचा संबंध पुढे आपल्या धत्तूरकल्पांशी येणार आहे.

सुगामाडेक्स हे तुलनेने नवे उतारऔषध निराळ्या रीतीने काम करते. ते रोक्युरोनियम वा व्हेक्युरोनियमच्या रेणूला स्वतःच्या पोकळीत बंदिस्त करते. युरोपात २००८ साली व अमेरिकेत २०१५ साली त्यास मान्यता मिळाली. ते दिल्यानंतर लगेच पुन्हा शस्त्रकर्माची वेळ आल्यास रोक्युरोनियमचा अपेक्षित परिणाम मिळत नाही. तेव्हा ॲट्राक्युरियमच्या गटाकडे वळावे लागते, कारण त्या गटास सुगामाडेक्स बांधू शकत नाही. दुसरी बाब स्त्रीरुग्णांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. सुगामाडेक्स गर्भनिरोधक गोळ्यांतील प्रोजेस्टोजेनलाही बांधते. म्हणून अशा स्त्रीने पुढील सात दिवस अन्य, संप्रेरकविरहित गर्भनिरोधक साधन वापरावे, असा निर्देश आहे. शस्त्रकर्मानंतर रुग्णा आपल्याकडे पथ्य विचारण्यास येते तेव्हा ही गोष्ट आपण तिला सांगू शकतो.

३. अवस्था

औषध व क्रम तेच ठेवूनही देहाच्या अवस्थेनुसार परिणाम भिन्न होतो. आपल्या दृष्टीने हा भाग सर्वाधिक महत्त्वाचा आहे.

पक्षाघात, अधरांगघात, विस्तृत दग्धव्रण वा दीर्घकाळचे अंथरुण या अवस्थांत ॲसिटिलकोलिनचे ग्राही संधिस्थानापुरते न राहता स्नायूच्या संपूर्ण पृष्ठभागावर पसरतात. निरोगी व्यक्तीत सक्सामेथोनियमने रक्तातील पोटॅशियम लिटरमागे सुमारे अर्धा मिलिइक्विव्हॅलंट वाढते, ते सहज सोसते. या रुग्णांत मात्र सर्वच ग्राही एकदम उघडल्याने पोटॅशियम इतके वाढू शकते की हृदय थांबते. इजेनंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांनंतर हा धोका सुरू होतो व कित्येक महिने राहू शकतो. पक्षाघाताचा रुग्ण महिनोन्‌महिने आपल्याकडे अभ्यंग, स्वेदन, बस्ती घेत असतो. तो घरात पडून खुब्याचे हाड मोडले, तर पक्षाघात केव्हा झाला, कोणत्या अंगास झाला, हे नेमके सांगू शकणारी व्यक्ती पुष्कळदा त्याचा वैद्यच असतो.

दुसरी अवस्था कोलिनएस्टरेजच्या न्यूनतेची. यकृद्विकार व गर्भावस्था यांत ते कमी होते. काही कुटुंबांत ते जन्मतःच सदोष असते. दक्षिण भारतातील आर्य वैश्य समाजात हा दोष तुलनेने अधिक आढळल्याचे नोंदले गेले आहे. म्हणून 'घरात कोणास भुलेतून उठण्यास वा श्वास परत येण्यास फार वेळ लागला होता काय' हा प्रश्न जरूर विचारावा. तमकश्वासासाठी दिले जाणारे बॅम्ब्युटेरॉल व अर्बुदासाठी दिले जाणारे सायक्लोफॉस्फामाइड ही औषधेही हे एन्झाइम दाबतात.

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात याहून निकटचे कारण म्हणजे कीटकनाशके. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशके कोलिनएस्टरेज बराच काळ निष्प्रभ करतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवरील फवारणीतून झालेल्या विषबाधेत अनेक शेतकरी व शेतमजुरांचे बळी गेले, हे आपणांस स्मरत असेल. तीव्र विषबाधा ओळखता येते. पण समजा, आठवडाभर फवारणी करणारा, डोकेदुखी व मळमळीपलीकडे तक्रार नसणारा मजूर आंत्रपुच्छाच्या शोथाने तातडीने शस्त्रकर्मास गेला, तर काय होईल? नेहमीच्या मात्रेतील सक्सामेथोनियमनंतर पाच-दहा मिनिटांत परतणारा श्वास तासांनी परतेल. श्वसनयंत्र व माहिती असल्यास यात अनर्थ होत नाही. माहिती नसल्यास गोंधळ होतो. हंगामात गावातल्या कोणत्या घरी फवारणी चालू आहे हे गावच्या वैद्यास ठाऊक असते.

आपल्या औषधींचा संबंध

वरील तत्त्वे ध्यानात घेता आपल्या कल्पांपैकी काहींचा विचार स्वतंत्रपणे केला पाहिजे.

यष्टिमधु अधिक मात्रेत दीर्घकाळ दिल्यास त्यातील ग्लिसिरायझिनमुळे पोटॅशियम घटते, रक्तदाब वाढतो व शरीरात पाणी साठते. पोटॅशियम घटले की अविध्रुवणकारी शैथिल्य लांबते. रुग्ण त्याच काळात फ्रुसेमाइडसारखे मूत्रल घेत असेल वा वारंवार विरेचन झाले असेल, तर ही न्यूनता अधिक वाढते. याउलट श्वेतपर्पटीत सोराक्षार म्हणजे पोटॅशियम नायट्रेट असते, आणि यवक्षारही पोटॅशियमबहुल आहे. अश्मरीच्या रुग्णास हे कल्प आपण देतो. त्याच रुग्णाचे वृक्क दुर्बल असल्यास पोटॅशियम आधीच चढलेले असू शकते व त्यावर सक्सामेथोनियमची भर पडते.

कनकासव व अन्य धत्तूरकल्प, तसेच पारसीक यवानी, यांत ॲट्रोपिन व तत्सम द्रव्ये असतात. शस्त्रकर्माच्या अखेरीस निओस्टिग्मिनसोबत ॲट्रोपिन दिले जाते, तेव्हा दोहोंची बेरीज होऊन नाडीवेग, मुखशोष, मूत्रावरोध व विशेषतः वृद्धांत भ्रम दिसू शकतो. तमकश्वासाच्या रुग्णाचे कनकासव शस्त्रकर्माच्या आदल्या दिवसापर्यंत चालू होते, हे भूलतज्ज्ञास ठाऊक असलेच पाहिजे.

कुपीलूयुक्त अग्नितुंडी वटी व विषतिंदुक वटी यांतील स्ट्रिक्नीनचे कार्य संधिस्थानी नव्हे, तर मज्जारज्जूत घडते. तेथील अवरोधक संदेश ते दाबते. म्हणून स्नायुशिथिलकाने त्याची बाह्य लक्षणे झाकली जातील, पण मूळ परिणाम जाणार नाही. अश्वगंधा, जटामांसी, तगर यांचा निद्राकारक प्रभाव भुलेच्या निद्राकारक औषधांत मिळू शकतो. अश्वगंधा व ब्राह्मी यांच्या अर्कांची कोलिनएस्टरेजरोधक क्रिया प्रयोगशाळेत दिसून आली आहे. प्रयोगनळीतील निष्कर्ष रुग्णास जसाच्या तसा लागू करणे योग्य नव्हे. मात्र तो नोंद करण्याचे पुरेसे कारण ठरतो.

कोणते औषध केव्हा थांबवावे, हा निर्णय भूलतज्ज्ञाशी विचारविनिमय करूनच व्हावा. नियोजित शस्त्रकर्मात वनौषधी सुमारे दोन आठवडे आधी थांबवण्याची सूचना अनेकदा दिली जाते. परंतु सर्वच औषधे 'शस्त्रकर्म आहे' म्हणून परस्पर थांबवणे घातक ठरू शकते. बॅक्लोफेन एकाएकी बंद केल्यास आक्षेपक येऊ शकतात. अपस्माराची औषधे बंद केल्यासही तोच धोका. आणि तातडीच्या शस्त्रकर्मात थांबवण्यास अवधीच नसतो. तेथे उपयोगी पडते ती केवळ नोंद.

वैद्यांनी द्यावयाची नोंद

आमच्या चिकित्सालयात शस्त्रकर्मास जाणाऱ्या प्रत्येक रुग्णाजवळ आम्ही अर्ध्या पानाचे पत्र देतो. त्यात पुढील बाबी असतात.

१) चालू असलेली सर्व औषधे, कल्पाचे नाव, घटकद्रव्ये, मात्रा व शेवटची मात्रा घेतल्याचा दिनांक. केवळ 'आयुर्वेदिक काढा' असे लिहू नये. कल्पनाम भूलतज्ज्ञास अपरिचित असते, पण धत्तूर म्हणजे ॲट्रोपिनयुक्त द्रव्य असे लिहिल्यास त्यास लगेच बोध होतो.

२) अन्य चिकित्सकांची औषधे, विशेषतः अपस्मार, रक्तदाब, श्वास, मनोविकार, अर्बुद यांवरील, तसेच गेल्या आठवड्यात टोचलेली प्रतिजैविके.

३) पक्षाघात, दग्धव्रण, दीर्घ शय्यावास, स्नायुदौर्बल्याचे विकार, यकृत् वा वृक्क यांचे विकार आणि त्यांचा आरंभकाल.

४) नजीकच्या काळातील कीटकनाशकांचा संपर्क, शक्य तर त्याचे नाव.

५) अलीकडे झालेले वमन, विरेचन, बस्ती.

६) स्वतःच्या वा कुटुंबातील पूर्वीच्या भुलेचा अनुभव.

पत्र मराठीत असल्यास औषधांची शास्त्रीय नावे स्वच्छ अक्षरांत लिहावीत. त्यावर आपला दूरध्वनी क्रमांक असावा. शंका असल्यास भूलतज्ज्ञ विचारतो, आणि ती विचारणा अपमान नसून सहकार्य आहे, असे समजावे.

औषधनिर्माते व विक्रेते यांच्यासाठी

धत्तूर, विषमुष्टी, वत्सनाभ, पारसीक यवानी इत्यादी द्रव्ये औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या ई-१ परिशिष्टात समाविष्ट आहेत. ती असलेल्या कल्पांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याचा इशारा बंधनकारक आहे. तो इशारा व घटकयादी वाचता येईल अशा अक्षरांत छापणे, ही केवळ कायद्याची पूर्तता नव्हे. शल्यगृहात वेष्टन हाती घेणाऱ्या तज्ज्ञास तीच एकमेव माहिती असू शकते. रुग्णाने वेष्टन टाकून औषध सुट्या पुडीत नेऊ नये, हे विक्रेत्याने सांगावे. कटिशूलासाठी टिझानिडिन घेणाऱ्यास सिप्रोफ्लोक्सासिन सोबत देऊ नये, कारण त्याने टिझानिडिनचे रक्तातील प्रमाण फार वाढून रक्तदाब कोसळतो. ही गोष्ट शस्त्रकर्माबाहेरील असली तरी दुकानात नित्य उपयोगी आहे.

उपसंहार

आज भूलतज्ज्ञाजवळ शैथिल्य मोजण्याचे साधन आहे. मनगटाजवळील मज्जातंतूस चार लागोपाठचे विद्युत्‌स्पंद देऊन अंगठ्याच्या चौथ्या हालचालीची पहिलीशी तुलना केली जाते. हे गुणोत्तर ०.९ वा अधिक झाल्याखेरीज श्वासनलिकेतील नळी काढू नये, हा आता मान्य दंडक आहे. यंत्र शैथिल्य किती आहे हे सांगते. ते का लांबले हे मात्र ते सांगू शकत नाही. त्याचे उत्तर रुग्णाच्या पूर्ववृत्तात असते, आणि त्या पूर्ववृत्तातील बराचसा भाग आपल्या रुग्णपत्रिकेत लिहिलेला असतो. ती पत्रिका शल्यगृहापर्यंत पोहोचवणे हे आपल्या शास्त्राच्या प्रतिष्ठेसही पोषकच आहे. वैद्यबंधू-भगिनींनी आपापल्या चिकित्सालयात अशा नोंदीचा प्रघात पाडावा, एवढीच आमची विनंती आहे.